हटवारभाऊंचं क्रियापद

हटवारभाऊ ऑफिसात शिरले की मी आधी टाइपरायटरजवळचे सुटे कागद वजनाखाली सारायची. हा माणूस उभ्या उभ्या बोलायचा, बोलता बोलता चालायचा, आणि त्याच्या येरझाऱ्यांच्या वाऱ्यानं माझे कार्बन उडायचे. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवायचे, आणि समोरच्याचा कप अजून भरलेला दिसला की त्यांना त्या बिचाऱ्याचा राग यायचा. सायकल चालवताना पँटच्या पायाला लावायची ती स्टीलची क्लिप ते दिवसभर काढत नसत. एकदा मी म्हटलंच,

"भाऊ, क्लिप तरी काढत जा. सुट्टी व्हायच्या आधी कुठं जायचं आहे तुमाले?"

"काय भरवसा ताई? निंगा लागलं त?"

हे ऐंशीच्या आसपासचं. भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होती. मी लग्न होऊन वर्ध्याहून इकडे आलेली. नवरा मोठ्या प्लांटात क्लार्क, आणि मी औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी कारखान्यात स्टेनो. मोठ्या प्लांटला लागणारे लोखंडी भाग आम्ही ओतून द्यायचो. भट्टी, वाळू, धूर आणि दिवसभर कानठळ्या. मराठी माणसं तिथं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळे एकमेकांना धरून. वामनराव हटवार हे त्यातले वयानं मोठे. भंडाऱ्याकडचे. राहायला भिलाई-तीनला. नोकरी माल-रवानगीच्या विभागात, पण ती नावापुरती. त्यांचं खरं काम वेगळं होतं.

कामगारावर आरोपपत्र आलं की चौकशी बसते. त्या चौकशीत आपल्या बाजूनं बोलायला कामगाराला एक सहकारी सोबत नेता येतो. आमच्याकडे हा सहकारी ठरलेला. कोणी झोपलेला सापडो, कोणी सुपरवायझरला शिवी देवो, कोणाच्या हातून मशीन मोडो, तो आधी हटवारभाऊंकडे यायचा आणि मग देवळात जायचा. भाऊ त्याला पहिली सूचना द्यायचे ती ठरलेली, "सॉरी म्हणायचं नाई. सॉरी लिहून देल्लं का केस गेली." दुसरीही ठरलेली, "आपल्याले वार्निंग नाही पाहिजे, शंकेचा फायदा नाही पाहिजे. आपल्याले एक्झॉनरेट पाहिजे."

हे इंग्रजी क्रियापद त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की फाटकावरचे छत्तीसगढी कामगार त्यांना पाठीमागे 'एकजानरेट भैया' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मी ऑफिसात नवी असताना त्यांनी माझी शिकवणीच घेतली. मी इंग्रजी स्टेनो, तरी मला तो शब्द 'दोषमुक्त' एवढाच माहीत. ते येरझाऱ्या घालत म्हणाले, "तेवढ्यानं नाही भागत ताई. लॅटिनातून आला आहे तो. एक्स म्हंजे बाहेर, ओनस म्हंजे ओझं. ओझं उतरवनं. जहाजावरचा माल उतरवला का हेच क्रियापद. नदी जाऊन समुद्रात रिकामी झाली का पहिले इंग्रज लोक हेच क्रियापद वापरत." हे त्यांना दुर्गच्या एका वकिलानं सांगितलेलं. मग पावर हाउस या भागातल्या बाजारात रद्दीवाल्याकडून त्यांनी पुठ्ठा नसलेला एक जाडजूड कोश आणला आणि पुढचं स्वतः वाचून काढलं. कुठला शब्द कुणाचा, हेही त्यांनी वाटून ठेवलं होतं. अ‍ॅक्विट कोर्टाचा. अब्सॉल्व्ह पाद्र्याचा, कारण त्यात पाप आलं. पार्डन राष्ट्रपतीचा. आणि कन्डोन हा सगळ्यात हलकट शब्द, म्हणजे तू चूक केलीस पण जा, आम्ही मोठ्या मनाचे आहोत. हे सांगताना त्यांचा चेहरा कुणी खरंच त्यांना तसं म्हणाल्यासारखा व्हायचा.

या ज्ञानाला वेळकाळ नव्हता. आमचे तेव्हाचे मॅनेजर एकदा डबा उघडून बसले होते. भाऊ एका फाइलीसाठी आत गेले आणि साहेबांनी सहज विचारलं, काय हटवार, नवीन काय? झालं. भाऊंनी कालच कोशात वाचलेलं सांगितलं, की जुन्या इंग्रजीत हेच क्रियापद पोट साफ होण्यालाही वापरत. साहेबांनी हातातली पोळी तशीच डब्यात ठेवली. मी बाहेर तोंडाला पदर लावून बसले. भाऊंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "ओझं ते ओझंच ना ताई," म्हणाले.

दुकालू चौकीदाराची केस मी स्वतः लिहून घेतली. पहाऱ्यावर झोपल्याचा आरोप. साहेब म्हणत होते, माफी लिहून दे, वार्निंगवर सोडतो. दुकालूला ते एकदम कबूल. तो हात जोडून भाऊंना म्हणत होता, "भैया, वार्निंग में काम चल जाही." भाऊ उसळले. "तुझे चलेगा, मुझे नहीं चलेगा! तू सोया था क्या?" दुकालू विचार करून म्हणाला की डोळे मिटले होते. भाऊंनी त्यावर एवढा वाद घातला, डोळे मिटणं आणि झोपणं यात एवढा फरक दाखवला, की चौकशी अधिकारीच जांभया द्यायला लागला आणि भाऊंनी ती जांभईही नोंदवायला लावली. शेवटी हवा तो शब्द मिळाला. दुकालूनं जिलेबी वाटली. वार्निंग आणि हे यात फरक काय, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊंनी जिलेबीचा एकच तुकडा तोंडात टाकला आणि पुढच्या केसचं विचारायला लागले.

अशा माणसाच्या घरी काय होत असेल, ते शांतावहिनींना विचारावं. भिलाई-तीनच्या त्यांच्या अंगणात मी पुष्कळ दुपारी काढल्या. वहिनी उन्हात जुन्या धोतरावर मूगवड्या घालत आणि नवऱ्याच्या तक्रारी हसत हसत सांगत. बाजारातून सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायचा राहिला असं म्हटलं, तर भाऊ विचारायचे, कधी सांगितलं होतं, कुणासमोर सांगितलं होतं, मी ऐकल्याचा पुरावा काय. "बावीस वर्सांत माह्या तोंडाकडं पाहून 'चुकलं' म्हनून म्हटलं नाही या मानसानं," वहिनी म्हणाल्या. आणि मग हसणं थांबवून म्हणाल्या, "पहिले असा नोयता वो. सुखदेवभाऊजीच्या हातापासून असा झाला."

मग त्यांनी ते सगळं सांगितलं. कारखान्यात ते कुणापासून लपलेलं नव्हतं, मी नवी म्हणून मलाच ठाऊक नव्हतं.

सुखदेव आणि भाऊ एका गावचे. शाळेत एका बाकावर, पोहायला एका तळ्यात. भिलाईला कामं निघाली तेव्हा दोघं एकाच गाडीनं आले आणि एकाच कारखान्यात लागले. भाऊ शिकलेले म्हणून सुपरवायझर झाले, सुखदेव साचे बसवायच्या कामावर. त्या कामात साच्यांच्या लोखंडी पेट्या होइस्टनं, म्हणजे विजेच्या यारीनं, उचलून एकीवर एक ठेवतात. खालचा माणूस पेटीला हातानं दिशा देतो आणि हात वर करून इशारा करतो, तेव्हाच बटन दाबायचं. आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी होइस्टचा माणूस जागेवर नव्हता. भाऊंना घाई. त्यांनी स्वतः बटन दाबलं. पेटी खाली आली आणि सुखदेवचा डावा हात दोन पेट्यांच्या मध्ये होता. अंगठा आणि करंगळी वाचली.

भाऊंवर निष्काळजीपणाचा आरोप ठेवला गेला. दुर्गच्या त्या वकिलानं सांगितलं, चौकशी संपेपर्यंत जखमीला भेटायचं नाही, माफी मागायची नाही, ती कबुली धरतात. भाऊ दवाखान्यात गेले नाहीत. चौकशीत सुखदेव पट्टी बांधलेल्या हातानं आला आणि म्हणाला, इशारा मीच दिला होता. तेवढ्यावर भाऊ वाचले. हुकूम निघाला की आरोप सिद्ध झाला नाही, मात्र यापुढे काळजी घ्यावी. सुपरवायझरी काढून त्यांना रवानगीत बसवलं. सुखदेव भरपाई घेऊन सासुरवाडीला, अहिवाऱ्याला गेला आणि सायकल दुरुस्तीचं दुकान टाकून बसला.

'यापुढे काळजी घ्यावी' हे वाक्य भाऊंच्या घशात अडकलं ते अडकलंच. त्यांनी अपील केलं. ते पडून राहिलं. पुन्हा केलं. त्या अपिलातूनच त्यांना चौकशीचे कायदे पाठ झाले आणि ते दुसऱ्यांच्या केसेस लढायला लागले. सुखदेवकडे जायचं राहिलं. वहिनी दर पोळ्याला म्हणायच्या, जा एकदा. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "पहिले शब्द येऊ दे. एक्झॉनरेट होऊ दे, मंग ताठ मानेनं जातो. असा गेलो त थो म्हणन, कंपनीच म्हनते काळजी घे, म्हंजे तुहीच चूक."

"ओझं उतरवनं म्हंजे ना तो शब्द?" वहिनींनी माझ्यादेखत त्यांना विचारलं होतं. "मंग तुमची चूक नोयतीच, ओझं नोयतंच, त उतरवून काय राहिले?"

भाऊंनी सायकल काढली आणि बाजारात गेले. एका वर्षी ते पावर हाउसला अहिवाऱ्याच्या बसमध्ये बसलेसुद्धा, आणि पहिल्याच थांब्याला उतरून पायी परत आले. हेही वहिनींनीच सांगितलं. मला त्या वेळी त्यांची कीव आली. चांगला माणूस, कुणासाठीही धावणारा, आणि बालमित्राच्या दारात जायला त्याला मॅनेजरचा कागद लागावा!

त्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली असताना नवे मॅनेजर आले. तरणे, घाईचे. जुनी लफडी टेबलावर नकोत असा त्यांचा बाणा. भाऊंची फाइल चाळून मला म्हणाले, हा म्हातारा इतकी वर्षं एकच शब्द मागतोय, देऊन टाका. आणि दोन ओळी सांगितल्या. अमुक आरोपातून वामनराव हटवार यांना पूर्णपणे एक्झॉनरेट करण्यात येत आहे. नवीन चौकशी नाही, साक्ष नाही, कुणी जुने कागद नीट वाचलेही नाहीत. मी टाइप करत होते आणि भाऊ माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

कागद हातात घेऊन ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं आता पेढ्यांचं बोलतील. ते म्हणाले, "ताई, काही वाटूनच नाही राहिलं."

"वाटन भाऊ. आताच त आला कागद."

"हाव," ते म्हणाले आणि पुन्हा फाटकाकडे गेले.

त्याच रविवारी आम्ही अहिवाऱ्याला निघालो. शांतावहिनींना गुडघ्यांमुळे बस झेपत नव्हती. त्यांनीच मला गळ घातली, "तुमी जा वो ताई संगं. हा मानूस मधातच उतरून येईन." भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता, हातात पेढ्यांचा पुडा. सबंध रस्त्यात त्यांनी तीनदा जागा बदलली. चुनखडीचे ट्रक समोरून जात होते, खिडक्यांतून पांढरी धूळ आत येत होती, आणि प्रत्येक थांब्याला भाऊ उठायचे आणि मी त्यांना सदऱ्याला धरून बसवायची.

सुखदेवचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला चार बल्ल्यांवर पत्रा. मागेच घर. तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर पाहत होता. मान वर करून त्यानं भाऊंना पाहिलं. एवढ्या वर्षांनी आलेल्या माणसाला तो एवढंच म्हणाला, "ये वामन्या." मला त्यानं बसायला खोकं दिलं. भाऊ उभेच.

त्यांनी कागद काढला आणि इंग्रजीत वाचला. मग मराठीत सांगितला. मग त्या क्रियापदाचा अर्थ, लॅटिन, जहाज, सगळं सांगितलं. त्यांचा आवाज चौकशीत असायचा तसा चढत गेला. सुखदेव दोन बोटांच्या हातानं ट्यूब पिळत शांतपणे ऐकत होता.

"म्हंजे तुही चूक नोयती, असं लिवलं हाय?"

"हाव."

"बरं झालं." त्यानं ट्यूब पुसली. "पन वामन्या, मी इशारा देल्लाच नोयता."

भाऊंनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"इन्क्वायरीत मी खोटं बोललो," सुखदेव म्हणाला. रागानं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं. "तुले तीन लेकरं होते. माहा हात त गेलाच होता. तुही नवकरी गेली असती त काय खाल्लं असतं त्याईनं?"

"मंग इतके वर्स सांगितलं कावून नाही?"

"तू आला असता त सांगितलं असतं."

भाऊ वळले आणि रस्त्याकडे चालायला लागले. मी उठले. सुखदेवनं मला मानेनंच थांबवलं. भाऊ पानठेल्यापर्यंत गेले, तिथं थोडा वेळ उभे राहिले, आणि परत आले. पेढ्यांचा पुडा अजून त्यांच्या हातातच होता, चुरगळलेला.

"सुख्या," ते म्हणाले, "तू इशारा देल्ला का नाही, मले माहीत नाही. बटन दाबलं तवा मी तुह्याकडं पाहतच नोयतो. घड्याळाकडं पाहत होतो."

हे त्यांनी चौकशीत सांगितलं नव्हतं, वकिलाला सांगितलं नव्हतं, शांतावहिनींना नाही. तिथं, त्या पत्र्याखाली, माझ्यासारख्या परक्या बाईसमोर ते बोलले आणि रडायला लागले. मीही रडले. सुखदेव मात्र रडला नाही. त्यानं आत हाक मारून बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि भाऊंना म्हणाला, "बस. चहा होते."

भाऊ बसले. जमिनीवरच, सदऱ्याची इस्त्री विसरून.

पुढे काय झालं असं मला लोक विचारतात. मला वाटलं होतं, ते तो कागद परत करतील, खरं काय ते मॅनेजरला लिहून देतील. एकदा ते तेवढ्यासाठी माझ्या टेबलाशी आलेही, कोरा कागद लावायला सांगितला, आणि मी तो लावायच्या आत निघून गेले. निवृत्ती जवळ आली होती, धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. मला त्याचा राग आला. आजही थोडा आहे. दुसऱ्यांसाठी एकेका शब्दावर अडून बसणारा माणूस तिथं कमी पडला, असं मला वाटतं.

पण एक बदललं. ग्राइंडिंगवरच्या एका कामगाराच्या हलगर्जीनं शेजारच्याच्या डोळ्यात ठिणगी गेली. आरोपपत्र घेऊन तो नेहमीसारखा भाऊंकडे आला. भाऊंनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "उसके घर जा के आया?"

"भैया, वो तो कबूली हो जाएगी ना!"

"होने दे. पहले जा के आ."

कामगार चिडले. म्हणाले, म्हातारा मॅनेजमेंटला फितूर झाला. त्यांच्याकडे येणारे कमी होत गेले आणि ते क्रियापदही त्यांच्या तोंडून ऐकू येईनासं झालं. मी एकदा मुद्दाम विषय काढला, तर म्हणाले, "शब्द चांगला आहे ताई. पन माल उतरवनारा जहाजावरचाच मानूस लागते. कचेरीतून नाही होत थे."

निवृत्तीनंतर आमच्याकडची माणसं भंडारा-नागपूरला परत जात. हटवारभाऊ गेले नाहीत. मुली आपापल्या घरी, ते आणि वहिनी भिलाई-तीनलाच. कधीमधी दिसायचे, मग तेही कमी झालं.

शेवटचं पाहिलं ते बसमधून. ऑफिसातल्या एकीच्या मुलीच्या लग्नाला आम्ही अहिवाऱ्यावरून पुढे चाललो होतो आणि बस सुखदेवच्या दुकानासमोरच थांबली. सुखदेव एका चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होता. स्पोक आवळायची चावी उजव्या हातात, आणि चाक धरायला डावा हात पुरत नाही. ते चाक हटवारभाऊंनी धरलं होतं. पायांवर बसून, दोन्ही हातांनी, बाह्या वर केलेल्या. सुखदेव चावी उचलायचा तेव्हा भाऊ चाक जरासं फिरवायचे, तो चावी लावायचा तेव्हा थांबायचे.

मी खिडकीतून हाक मारली, "हटवारभाऊ!" बसमधली माणसं वळून पाहायला लागली. कंडक्टरनं घंटी दिली. मी पुन्हा मोठ्यानं हाक मारली. एवढ्या जवळून त्यांना ऐकू गेलं नसेल असं नाही. पण त्यांनी मान वर केली नाही. त्यांचे डोळे सुखदेवच्या हातावर होते.